ठेका कामाचा, धर्माचा नव्हे

नाशिकच्या चारी अंगांना आज बांधकामं चालू आहेत. म्हसरूळ-मखमलाबादकडे शेतजमिनी बिगरशेती होऊन त्यांचे प्लॉट पडले आहेत, पाथर्डी फाट्याच्या पुढे रो-हाउसच्या रांगा उभ्या राहत आहेत, जुन्या नाशकात वाडा उतरवून त्या जागी तीन मजले चढत आहेत, आणि सिडकोतल्या घरावर मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला काढणं ही नित्याची गोष्ट झाली आहे. या प्रत्येक ठिकाणी घरमालक आणि गवंडी यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो, तो म्हणजे ठेकेदार. त्याच्याशी दर ठरतो, टप्पे ठरतात, उचल दिली जाते आणि मालकाच्या तोंडी एक वाक्य येतं: ‘आपण ठेका दिलाय, मजुरांचं त्याचं तो बघेल.’ हे वाक्य व्यवहाराचं म्हणून उच्चारलं जातं, पण त्याच्या पोटात धर्माचा एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. जे काम मी माझ्या हातानं करत नाही, पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेतो, त्या कामातलं पाप-पुण्य कोणाचं? माझं उत्तर असं आहे की घर बांधण्याचं काम ठेक्यानं देता येतं, त्या कामातला धर्म ठेक्यानं देता येत नाही. आपल्या परंपरेचा पुरावा, कायद्याचा अनुभव आणि बांधकामाचा स्वभाव हे तिन्ही याच उत्तराकडे नेतात.

सुरुवात त्याच घरात होणाऱ्या वास्तुशांतीपासून करू. वास्तुशांतीत मंत्र गुरुजी म्हणतात, जप त्यांचे, आहुत्यांचं तंत्र त्यांच्या स्वाधीन. यजमान सोवळं नेसून पाटावर बसतो, सांगतील तेव्हा पळीभर पाणी सोडतो, सांगतील तिथे अक्षता वाहतो. वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यातल्या खड्ड्यात पालथी ठेवली जाते, बलिदान होतं, पूर्णाहुती होते. मग श्रेयोदानाचा विधी येतो. गुरुजी यजमानाच्या हातावर पाणी आणि सुपारी देऊन, आपण केलेल्या जपहोमाचं श्रेय त्याच्या स्वाधीन करतात. त्यानंतर दक्षिणा दिली जाते. हा क्रम नीट पाहिला तर त्यात कर्तृत्वाचा एक पक्का सिद्धांत दिसतो. कर्म दुसऱ्यानं केलं, मोबदला देऊन करवून घेतलं, तरी त्याचं फळ करवून घेणाऱ्याचं. मीमांसकांनी यज्ञाच्या संदर्भात हेच सविस्तर मांडलं आहे. ऋत्विज, म्हणजे यज्ञ करणारे पुरोहित, दक्षिणेनं नेमलेले असतात, दक्षिणा ही त्यांच्या श्रमाची किंमत असते, आणि स्वर्गादी फळ मात्र यजमानाला मिळतं, कारण संकल्प त्याचा असतो. आता ज्या घरमालकानं हा सिद्धांत पाटावर बसून मान्य केला, त्याला तो कुंपणाबाहेर नाकारता येईल का? नेमलेल्या पुरोहिताच्या जपाचं पुण्य माझ्या खाती जमा होत असेल, तर नेमलेल्या ठेकेदारानं बुडवलेल्या मजुरीचं पापही माझ्या खाती येतं. संकल्प दोन्हीकडे माझाच आहे. घर मला हवं होतं म्हणून गुरुजी आले, आणि घर मला हवं होतं म्हणूनच गवंडी, बिगारी आणि सेंट्रिंगवाले आले.

हा विचार एका पंथापुरता नाही. पतंजलीनं योगसूत्रांत हिंसेचे प्रकार सांगताना स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि जिला संमती दिली ती, अशा तिन्ही एकाच पंक्तीत बसवल्या आहेत. जैन तत्त्वज्ञानात कृत, कारित आणि अनुमत ही त्रयी कर्मविचाराच्या मुळाशी आहे. म्हसरूळजवळच्या गजपंथ क्षेत्री जाणाऱ्या भाविकाला ती नव्यानं सांगावी लागत नाही. तत्त्वार्थसूत्र आणखी एक बारकावा नोंदवतं: जाणून केलेलं आणि नकळत घडलेलं यांत फरक आहे, भावाच्या तीव्रतेनुसार कर्माचं बंधन कमी-अधिक होतं. हा फरक न्याय्य आहे आणि घरमालकाला तो लागू करायलाच हवा. ठेकेदारानं लपवून मजुराला फसवलं आणि मालकाला काही कळण्याचा मार्गच नव्हता, तर मालकाचा दोष हलका ठरतो. पण कळू नये म्हणून विचारायचंच नाही हे अज्ञान वेगळ्या जातीचं आहे. रोज संध्याकाळी साइटवर जाऊन विटा मोजणारा, टाइल्सचा रंग जुळतो का ते पाहणारा माणूस, आठवड्याचे पैसे मजुरांना मिळाले का एवढाच प्रश्न विचारत नसेल, तर ते न कळणं त्यानं स्वतः निवडलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की धर्मकृत्य वेगळं आणि व्यवहार वेगळा. पुण्याचं हस्तांतर हा शास्त्राचा विषय झाला, मजुरीचा हिशेब हा बाजाराचा, आणि दोन्हींची सरमिसळ करू नये. ही विभागणी आधुनिक आहे, आपल्या धर्मशास्त्राला ती ठाऊक नाही. मनुस्मृतीत राजानं निवाडा करावा असे वादाचे जे अठरा विषय सांगितले आहेत, त्यात ठरलेलं वेतन न देणं हा एक स्वतंत्र विषय आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर आकडेही आहेत. वेतन दिलं नाही तर देय रकमेचा दहावा भाग किंवा सहा पण (‘पण’ हे तेव्हाचं नाणं) दंड. काम ठरवून मालकानं ते करू दिलं नाही तर बारा पण, आणि ठरलेलं काम मजुरानं केलं नाही तर त्यालाही बारा पण. दर आधी ठरला नसेल तर काम आणि काळ पाहून मजुरी द्यावी, असंही तिथे सांगितलं आहे. दोन्ही बाजूंना सारखा दंड ठेवणाऱ्या या नियमात मजुराविषयीची दया हा मुद्दा नाही, देण्याघेण्याचा धर्म हा मुद्दा आहे. शिल्पशास्त्राच्या परंपरेतही देवालय पूर्ण झाल्यावर प्रतिष्ठेच्या वेळी स्थपतीचा वस्त्रालंकारांनी सन्मान करून त्याला संतुष्ट करावं, असं सांगितलं आहे. घराची चौकट बसवताना सुताराला नारळ आणि मान, स्लॅबच्या दिवशी सगळ्या मजुरांना गोडधोड, वास्तुशांतीला मिस्त्रीला टोपी-उपरणं, ही आपल्याकडची चाल त्याच विचाराची घरगुती शाखा आहे. बांधणारा नाराज असेल तर वास्तू शांत झाली असं म्हणायचं नाही, हे तिचं तात्पर्य.

आणि नाशिककराला या प्रश्नाचा सगळ्यांत जवळचा पुरावा पाहायला ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही. तो पांडवलेण्यांच्या भिंतीवर कोरलेला आहे. राजा नहपानाचा जावई उषवदात यानं सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्रिरश्मी डोंगरावरचं दहावं लेणं भिक्षुसंघाला दान केलं, तेव्हा त्याबरोबर तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवली. ती ठेव त्यानं गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, दिली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे. हे सगळं निगमसभेत जाहीर केलं गेलं आणि दप्तरात नोंदवलं गेलं, असंही लेख सांगतो. गंगापूर रस्त्यानं पुढे गेलं की आजही लागणाऱ्या गोवर्धन गावाच्या परिसरातली ही गोष्ट आहे. याच उषवदातानं संघाला शेत द्यायचं ठरवलं तेव्हा ते एका ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापण मोजून विकत घेतलं आणि मग दान दिलं. त्या विक्रेत्याचं नावही लेखात आहे. दानासाठी जमीन हवी होती म्हणून ती फुकट किंवा पडत्या भावात घ्यावी, असं राजाच्या जावयालाही वाटलं नाही, आणि दर, मुदत, रक्कम लिहून ठेवल्यानं आपलं पुण्य उणं होईल असंही वाटलं नाही.

त्याच डोंगरावर, तिसऱ्या लेण्यातला गौतमीपुत्र सातकर्णीचा एक लेख या विषयात आणखी मोलाचा आहे. राजानं आधी कखडी गावातलं एक शेत भिक्षूंना दिलं होतं. पुढे कळलं की ते गाव ओस पडलं आहे आणि शेत कसलं जात नाही. राजाला म्हणता आलं असतं की आम्ही दिलं, ताबा झाला, आमचा संबंध संपला. त्याऐवजी त्यानं आणि त्याच्या आईनं गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवून नगराच्या सीमेवरचं शंभर निवर्तनं मापाचं, राजाच्या मालकीचं शेत बदली दिलं. दिलेल्या वस्तूचा हेतू सफल होईपर्यंत देणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, असा या लेखाचा अर्थ आहे. आज रेरा कायद्यात ताबा दिल्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष बिल्डरनं दुरुस्त करून द्यावा, अशी तरतूद आहे. ती आपल्याला नवी वाटते, पण तिच्यामागचा धर्मविचार याच शहराच्या अंगणात कोरून ठेवलेला आहे. तो बिल्डरला लागू आहे तसाच मजुराला पैसे पोचते करणाऱ्या मालकालाही. मी ठेकेदाराला दिले, एवढ्यानं माझं देणं फिटत नाही. ज्याच्यासाठी दिले त्याच्या हातात ते पडले की ते फिटतं.

आता बांधकामाच्या स्वभावाकडे येऊ, कारण ठेक्याचा प्रश्न इतर खरेदीपेक्षा इथे जास्त टोकदार का होतो ते त्यातून कळतं. घराचं महत्त्वाचं काम झाकलं जाणारं असतं. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी सेंट्रिंगच्या प्लेटांवर सळईची जाळी बांधलेली असते आणि जाळीखाली ठिकठिकाणी सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवायचे असतात, त्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात. सळई प्लेटपासून वीसेक मिलिमीटर वर राहावी आणि तिच्याखालीही काँक्रीट जावं, एवढंच त्यांचं काम. मजुराच्या पायाखाली ठोकळा सरकला आणि त्यानं वाकून तो परत नीट लावला नाही, तर सळई तळाशी टेकते, काही वर्षांनी ती गंजते, फुगते आणि छताचे पोपडे पडू लागतात. काँक्रीट पडल्यावर तो ठोकळा होता की नव्हता हे कोणालाही दिसत नाही. हल्ली सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीपीसी सिमेंटच्या काँक्रीटला निदान दहा दिवस ओलं ठेवावं, असं भारतीय मानक सांगतं. सातव्या दिवसानंतर पाणी मारलं की नाही, हेही भिंत लगेच सांगत नाही. बाथरूमच्या टाइल्सखालचं वॉटरप्रूफिंग, भिंतीतला पाइपचा सांधा, प्लास्टरमागची जोडाई, सगळं असंच. म्हणजे घर ज्यावर उभं असतं ती गोष्ट अखेर कुणाच्या तरी एकांतातल्या प्रामाणिकपणाची असते. ती मोजमापाच्या पुस्तकात येत नाही आणि चौरस फुटाच्या दरात विकत मिळत नाही. जो माणूस वाकून तो ठोकळा नीट लावणार आहे, त्याच्याशी माझा काही संबंध नाही असं म्हणणारा मालक, आपलं घर ज्यावर टिकून आहे तेच नाकारत असतो.

घासाघीस नेमकी कुठे झिरपते हेही पाहिलं पाहिजे. सिमेंटच्या गोणीचा आणि सळईचा भाव बाजारात ठरतो, तो ठेकेदाराच्या हाती नसतो. काम लेबर रेटनं दिलं असेल, म्हणजे माल मालकाचा आणि मजुरी ठेकेदाराची, तर दरातून कमी केलेला प्रत्येक रुपया मजुरी, कामाचे दिवस आणि सुरक्षा यांतूनच निघू शकतो. ठेकेदार ते मुकादमावर ढकलतो, मुकादम गवंड्यावर, आणि शेवटी ते पेठ, सुरगाणा, हरसूलकडून भाताची कापणी आटोपून नाशकात आलेल्या बिगाऱ्यापाशी येऊन थांबतं, कारण त्याच्याखाली ढकलायला कोणी उरलेलं नसतं. त्याला आठवड्याला खर्चीपुरते पैसे मिळतात, बाकीचा हिशेब ‘काम झाल्यावर’ असतो. काम झालं की मालक दोष काढतो, ठेकेदाराचे शेवटचे पैसे अडवतो आणि ठेकेदार तेच कारण सांगून मजुराचे अडवतो. इथे दुसरा आक्षेप पुढे येतो: मजुरानं आपखुशीनं दर मान्य केला, कुणी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही, मग अन्याय कसला? या आक्षेपाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली दिलं आहे. दिल्लीच्या आशियाई खेळांसाठी मैदानं आणि पूल बांधले जात होते. मजुरांची किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती, ठेकेदार ती जमादारांमार्फत देत होते आणि जमादार त्यातला एक रुपया कापून घेत होते. न्यायमूर्ती भगवतींच्या निकालानं दोन गोष्टी स्पष्ट केल्या. भुकेनं नाइलाज झालेल्या माणसानं किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत काम पत्करलं, तर ते राज्यघटनेच्या २३व्या कलमाखालचं वेठबिगारीचंच काम ठरतं, कारण गरिबीचा रेटाही जबरदस्तीच आहे. आणि काम ठेकेदाराला दिलं होतं असं सांगून मूळ करवून घेणाऱ्याला हात झटकता येत नाहीत. न्यायालयापुढे सरकार होतं, पण मांडलेलं तत्त्व कोणत्याही करवून घेणाऱ्याला आरशासारखं समोर धरता येईल असं आहे.

वेठीचा हा शब्द आला की मराठी मनाला मंगळवेढा आठवला पाहिजे. संत चोखामेळा यांचा मृत्यू बांधकामावर झाला. परंपरेनुसार १३३८ साली मंगळवेढ्याचं गावकूस बांधण्यासाठी इतरांबरोबर त्यांना कामावर नेलं होतं, आणि ते कूस कोसळून सगळे दगडांखाली गेले. नामदेव तिथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या आणि पंढरपूरच्या महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधली. सातशे वर्षं आपण त्या समाधीपुढे नमस्कार करतो आहोत. त्या कथेत देवाचं नाव एका बांधकाम मजुराच्या हाडांत सापडतं, बांधून घेणाऱ्याच्या वाड्यात नाही. पण ही कथा भक्तीच्या चमत्कारापाशी सोडून देणं पुरेसं नाही. ते कूस कोणी बांधायला काढलं होतं, त्याखाली गेलेल्या बाकीच्या माणसांच्या घरी काय गेलं, हेही धर्माचेच प्रश्न आहेत. याच नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा माणसाला दाराबाहेर ठेवून केलेली पूजा पूजा ठरते का, असा प्रश्न या शहराला विचारला गेला. तोच प्रश्न आजच्या साइटवर साध्या रूपात उभा असतो: विटा वाहणाऱ्या बाईला प्यायला स्वच्छ पाणी आहे का, आडोसा आहे का, दुसऱ्या मजल्याच्या बाहेरून प्लास्टर करणाऱ्याच्या कमरेला पट्टा आहे का.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे. जी जबाबदारी कायद्यानं माझ्यावर टाकलेली नाही ती मी का घ्यावी? कायद्याची स्थिती अशी आहे खरी. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानं, ठेकेदारानं मजुरी थकवली तर ती मूळ मालकानं द्यावी असं म्हटलं, पण ते ठरावीक संख्येपेक्षा जास्त मजूर असलेल्या आस्थापनांसाठी. १९२३च्या नुकसानभरपाई कायद्यानं ठेकेदारामागच्या मालकाला धरलं, पण आपल्या धंद्यासाठी काम करवून घेणाऱ्याला. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यातून स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेलं दहा लाखांपर्यंतचं घर वगळलेलं होतं, आणि २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा पन्नास लाखांवर गेली आहे. तेव्हा साधं घर बांधणारा माणूस बहुतेक वेळा या चौकटीच्या बाहेर राहतो. परंतु या सवलतीमागचं कारण ओळखावं. प्रत्येक लहान घरमालकामागे निरीक्षक लावणं सरकारला झेपणारं नाही आणि शक्यही नाही, म्हणून ही सूट आहे. मालकाचं नैतिक देणं माफ करण्याचा अधिकार संसदेला नाही आणि तिनं तो वापरलेलाही नाही. जिथे कायद्याचा हात पोचत नाही तिथेच धर्माची खरी हद्द सुरू होते. दंडाच्या भीतीनं दिलेली मजुरी ही कायद्याची अंमलबजावणी झाली, कोणी विचारणारं नसताना पुरी दिलेली मजुरी हा धर्म झाला.

चौथा आक्षेप सगळ्यांत मनापासून केला जातो आणि त्यात तथ्य आहे. फसवतो तो ठेकेदार, असं घरमालक म्हणतात. उचल घेऊन दुसऱ्या साइटवर निघून जातो, अर्ध्यात काम टाकतो, मध्येच एक्स्ट्राचा आकडा सांगतो, निकृष्ट माल वापरतो, आणि आयुष्यभराची पुंजी व गृहकर्ज घालून बसलेला मध्यमवर्गीय माणूस हतबल होतो. अशा वेळी धर्म मालकालाच का शिकवायचा? उत्तर असं की धर्म दोघांनाही आहे, अर्थशास्त्रातला सारखा दंड तेच सांगतो. कामचुकार ठेकेदाराला पूर्ण पैसे देणं हा उदारपणा नाही, तो पुढच्या घरमालकावर केलेला अन्याय आहे. पण ठेकेदाराचा दोष आणि मजुराचं देणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ठेकेदाराचं बिल अडवण्याचा मालकाला हक्क असू शकतो, मजुरांनी भरलेल्या हजेरीचे पैसे अडकतील अशा रीतीनं ते अडवण्याचा नाही. आणि यातली निम्मी फसवणूक तोंडी व्यवहारातून जन्म घेते. ‘आपल्यात काय लिहायचं’ या संकोचानं सुरुवात होते आणि शेवट पोलीस ठाण्यात होतो. उषवदातानं विणकरांच्या श्रेणींशीही लिहून व्यवहार केला होता. नकाशा, दर, कोणतं काम दरात आणि कोणतं जादा, कोणत्या टप्प्याला किती पैसे, दोष निघाला तर कोणी किती दिवसांत दुरुस्त करायचा, हे लिहिणं म्हणजे अविश्वास दाखवणं नाही. पुढे कोणाचीही नियत डळमळली तर तिला आधार देणारी ती गोष्ट आहे.

शेवटचा आक्षेप कुवतीचा आहे. नोकरी सांभाळून, हप्ते भरत, सामान्य माणसानं आणखी किती जणांची काळजी वाहायची? आणि असं मागे मागे जायचं तर वीटभट्टीवरच्या, दगडखाणीतल्या, सिमेंट कारखान्यातल्या माणसापर्यंत जबाबदारी पोचेल, तिला अंत कुठे? अंत आहे. जे माझ्या जागेवर, माझ्या इच्छेनं आणि माझ्या डोळ्यांदेखत घडतं, तिथवर माझी जबाबदारी थेट आहे. त्यापुढे ती समाजाबरोबर वाटून घेतलेली आहे. थेट जबाबदारीचा भार फार नाही. दीघनिकायात सिगालाला केलेल्या उपदेशात बुद्धांनी गृहस्थाची कामकऱ्यांविषयी पाच कर्तव्यं सांगितली आहेत: ताकदीप्रमाणे काम, अन्न आणि वेतन, आजारपणात शुश्रूषा, गोडधोडात वाटा, आणि वेळेवर सुट्टी. बदल्यात कामकऱ्यानं काम चांगलं करावं आणि दिलेलं असेल तेवढंच घ्यावं, हेही सांगितलं आहे. आजच्या साइटवर याचा अर्थ असा: लेखी करारात किमान मजुरीची आणि दर आठवड्याच्या चुकत्या पैशांची अट घालणं, हप्ता देताना मागच्या आठवड्याचे पैसे पोचले का हे मजुरांसमोर विचारणं, पाणी आणि संडासाची सोय स्वतः करणं, उंचीवरच्या कामाला पट्टा आणि शिरस्त्राण असल्याशिवाय काम सुरू होऊ न देणं, मजुरांचा अपघात विमा ठेकेदारानं काढला आहे का ते पाहणं. कामगार कल्याण मंडळात नोंदणीसाठी मजुराला वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला ठेकेदाराकडून वेळेवर सही करून मिळवून देणं ही फुकटात होणारी गोष्ट आहे, आणि त्यावर त्या मजुराच्या मुलांची शिष्यवृत्ती अवलंबून असू शकते. एवढं करून खर्च थोडा वाढेल. तो पेलत नसेल तर घर लहान करावं. एक खोली कमी बांधणं हा कुवतीचा प्रश्न झाला, दुसऱ्याच्या मजुरीतून ती खोली काढणं हा चोरीचा. यहुदी संदेष्टा यिर्मया यानं शेजाऱ्याकडून मोबदल्याशिवाय काम करवून घेऊन महाल बांधणाऱ्या राजाला शाप दिला होता, आणि मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी अशी शिकवण पैगंबरांच्या नावे मुस्लिम परंपरा सांगते. वेगवेगळ्या काळांतल्या, वेगवेगळ्या भाषांतल्या धर्मांचं इतक्या ठाम शब्दांत एकमत व्हावं, असे विषय फार थोडे आहेत.

२०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी या शहरात रस्ते, पूल आणि घाट बांधले जात आहेत, आणि त्या ओघात घरंही. कुंभाला येणारा प्रत्येक जण पाप धुऊन जावं म्हणून गोदावरीत उतरेल. त्याच वर्षांत इथे घर बांधणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे की जे पाप करायचं टाळता येतं ते धुण्यासाठी ठेवू नका. ठेका द्या, दर घासून ठरवा, काम चोख मागा, वाईट कामाला नाही म्हणा. पण वास्तुशांतीचा मुहूर्त काढायला गुरुजींकडे जाण्याआधी साइटवर जा, ठेकेदाराला आणि मजुरांना एकत्र बसवा आणि कोणाचं किती बाकी आहे ते सगळ्यांसमोर विचारा. जे निघेल ते चुकतं करा. मुहूर्त त्यानंतरचा घ्या.